मिठाच्या पाण्यातला क्लोरीन

पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या विहिरीत किंवा पाण्याच्या टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतात, ती आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पाणी पिवळे होते की नाही हे बघणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारीही त्यांच्या ओळखीचा असतो. पाण्यातले जंतू क्लोरीनने मरतात, हे आठवीचा मुलगाही सांगेल. पण अशा मुलाच्या हातात शहरातल्या एखाद्या नव्या पोहण्याच्या तलावाचे माहितीपत्रक पडले, तर तो नक्की गोंधळेल. 'आमच्या तलावात क्लोरीन नाही, फक्त मीठ', अशा अर्थाची वाक्ये त्यात असतात.

मिठाने जंतू मरतात का? लोणचे मिठामुळे टिकते हे खरे, पण लोणच्यात मीठ किती घालावे लागते ते घरी विचारून पाहावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या अश्रूंत लिटरला ९ ग्रॅमच्या आसपास मीठ असते. आणि या 'मिठाच्या' तलावांत ते असते लिटरला अवघे ३ ते ४ ग्रॅम, काही जुन्या यंत्रणांत ६ ग्रॅमपर्यंत. म्हणजे हे पाणी अश्रूंपेक्षाही अळणी. एवढ्या मिठाला कोणताही जंतू दाद देणार नाही. इथेही जंतू मारतो तो क्लोरीनच. फरक इतकाच, की तो डब्यातून किंवा नळकांड्यातून येत नाही. तलावाचे पाणी गाळून परत येत असताना वाटेत त्याला एका विद्युत घटातून जावे लागते आणि तिथे त्याच पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार होतो.

ही कल्पना नवी म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात तिचे वय सव्वाशे वर्षांच्या पुढे आहे. इतका काळ ती का अडून राहिली आणि कशामुळे मोकळी झाली, ही गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

क्लोरीन आणि वीज यांची गाठ

स्वीडनच्या शेले या औषधविक्रेत्याने १७७४ साली मँगनीज डायऑक्साइडवर मिठाच्या आम्लाची, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून हा हिरवट पिवळा वायू मिळवला. ते मूलद्रव्य आहे हे हंफ्री डेव्हीने १८१० साली ठामपणे सांगितले आणि रंगावरून त्याला नाव दिले. दरम्यान बेर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचा कापडाचा रंग घालवण्याचा गुण ओळखला होता, आणि ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली तो वायू चुन्यात शोषून विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. आपली टी.सी.एल. पावडर ती हीच. म्हणजे क्लोरीन आधी धोब्याकडे गेला आणि मग डॉक्टरकडे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा जंतूंचा सिद्धांत अजून प्रस्थापित व्हायचा होता.

विजेची गोष्टही याच सुमाराला सुरू होते. व्होल्टाने आपला विद्युत थर १८०० साली जाहीर केला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम क्रुकशँकने मिठाच्या द्रावणातून वीज नेऊन पाहिली. धनाग्राशी क्लोरीन सुटतो, ऋणाग्राशी हायड्रोजन सुटतो आणि तिथले पाणी आम्लारिधर्मी होते. दोन्ही अग्रांमध्ये पडदा ठेवला नाही, तर क्लोरीन त्या आम्लारीत मिसळून हायपोक्लोराइट तयार होते. मीठ अधिक पाणी अधिक वीज, यातून जंतुनाशक द्रावण आणि हायड्रोजन. सगळी रासायनिक क्रिया एवढीच. फॅरडेने १८३०च्या दशकात नियम घालून दिल्यावर किती विजेने किती क्लोरीन मिळेल हेही कागदावर काढता येऊ लागले. एक अँपियर प्रवाह एक तास सोडला तर सुमारे १.३२ ग्रॅम. हा हिशेब अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून जरूर करवून घ्यावा. ३,६०० कूलोम, ९६,५०० आणि ३५.५ हे तीन आकडे पुरतात.

मात्र व्होल्टाच्या थराने प्रयोग होतात, गावाचे पाणी शुद्ध होत नाही. त्यासाठी डायनामो यावा लागला. तो येऊन स्थिरावला तो १८८०च्या दशकात, आणि लगेच लोक मिठाच्या पाण्याकडे वळले.

समुद्रातून औषध

फ्रान्समध्ये यूजीन हर्मित याने समुद्राच्याच पाण्यातून वीज सोडून जंतुनाशक पाणी बनवायची पद्धत काढली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वर्दिंग गावात १८९३ साली विषमज्वराची मोठी साथ आली होती. दुसऱ्याच वर्षी तिथे हर्मितच्या यंत्राची चाचणी झाली. समुद्र दाराशी, वीज हाताशी; मग तयार झालेले पाणी गटारांत आणि शौचकूपांत सोडायचे. अटलांटिकपलीकडे अल्बर्ट वूल्फ यानेही तेच केले. न्यूयॉर्क शहराला पाणी देणाऱ्या क्रोटन नदीच्या पाणलोटात ब्रूस्टर नावाचे खेडे होते. त्याचे सांडपाणी शहराच्या पिण्याच्या पाण्यात उतरत होते. १८९३ साली ते वूल्फच्या द्रावणाने निर्जंतुक करायला सुरुवात झाली.

वूल्फने आपल्या द्रावणाला नाव दिले होते 'इलेक्ट्रोझोन'. नावात वीज आहे आणि ओझोनची आठवण आहे. क्लोरीन मात्र नाही. बाटलीत होते ते हायपोक्लोराइटच. आजच्या माहितीपत्रकातले 'फक्त मीठ' वाचताना हे नाव आठवल्याशिवाय राहत नाही.

लंडनच्या पूर्वेकडच्या पॉप्लर या गरीब वस्तीत याचा शहाणपणाने वापर झाला. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. अलेक्झांडर यांनी १९०६च्या सुमारास नगरपालिकेचाच एक छोटा कारखाना उभारला. मिठाच्या आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणातून वीज सोडून जंतुनाशक बनवायचे आणि ते वस्तीत वापरायला द्यायचे. सार्वजनिक स्नानगृहांतल्या पोहण्याच्या तलावांसाठीही ते वापरले गेले. त्यापूर्वी तलावाचे पाणी दर काही दिवसांनी उपसून टाकून नवे भरणे हाच स्वच्छतेचा मार्ग होता. विजेने मिठापासून केलेला क्लोरीन पोहण्याच्या पाण्यात आला तो असा, माहितीपत्रकांच्या कितीतरी आधी. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या तलावात बंकर याने १९१०च्या सुमारास चुन्याचा हायपोक्लोराइट वापरला. तलावाच्या क्लोरिनीकरणाच्या इतिहासात सहसा त्याचेच नाव घेतले जाते.

पहिल्या महायुद्धातला प्रसंग सांगण्याजोगा आहे. हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने अर्धा टक्का हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण जखमा धुण्यासाठी तयार केले होते. १९१५ साली 'अ‍ॅक्विटानिया' हे प्रचंड प्रवासी जहाज रुग्णालय म्हणून गॅलिपोलीच्या जखमी सैनिकांना आणू लागले. हजारो माणसे, उन्हाळा, आमांशाचे रोगी. इतके जंतुनाशक जहाजावर साठवायचे कुठे? डेकिनने जहाजावरच विद्युत टाकी बसवून घेतली. जहाजाला वीज स्वतःची आणि मीठ समुद्राचे. लागेल तितके करायचे, साठवायचे काही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी नळकांड्यांतला क्लोरीन शत्रूवर सोडला होता.

मग ही पद्धत मागे का पडली?

गावांच्या पाणीपुरवठ्यात विद्युत घटाला जागा मिळाली नाही. अमेरिकेतल्या जर्सी सिटीसाठी डॉ. जॉन लील यांनी २६ सप्टेंबर १९०८ रोजी बूंटनच्या जलाशयावर विरंजक चूर्णाचे द्रावण सोडायला सुरुवात केली. त्यांनी कोणाची परवानगी घेतली नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला. पुढे काही वर्षांतच द्रवरूप क्लोरीनची नळकांडी आली. मोठ्या कारखान्यात मिठापासून एकदम टनावारी क्लोरीन बनवायचा, दाबाखाली भरायचा आणि गावोगाव पाठवायचा, हे स्वस्त पडले.

त्याहून मोठी अडचण घटाच्या आतच होती. ती पाहण्यासाठी ग्रंथालयात जायची गरज नाही. पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून त्यांची शिसे ९ व्होल्टच्या बॅटरीला तारांनी जोडा आणि दुसरी टोके पाण्यात बुडवा. ऋण बाजूला भराभर बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. तिथे हळदीने रंगवलेला कागद धरला तर लाल होतो. धन बाजूला बुडबुडे कमी दिसतात, पण जवळ धरलेल्या निळ्या लिटमसचा रंगच उडतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पाच मिनिटांत प्रयोग थांबवावा आणि पेल्यावर नाक नेऊ नये, हे मुलांना आधीच बजावावे. आता खरी गंमत. धन बाजूची पेन्सिल नीट पाहा. शिसाचे टोक मऊ पडलेले, पाण्यात काळा चुरा उतरलेला दिसेल. धनाग्राशी क्लोरीनबरोबर थोडा ऑक्सिजनही सुटतो आणि तो ग्रॅफाइटला खातो. पाण्यात मीठ जितके कमी, तितका ऑक्सिजनचा वाटा जास्त.

जुन्या संशोधकांपुढे हाच पेच होता. ग्रॅफाइटचे धनाग्र स्वस्त, पण झिजणारे आणि पाणी काळे करणारे. लोखंड, तांबे तर विरघळूनच जातात. प्लॅटिनम टिकते, हर्मितने तेच वापरले होते. पण प्लॅटिनमच्या जाळ्या लावून गटाराचे पाणी धुवायचे, हे कोणत्या नगरपालिकेला झेपणार? मोठ्या क्लोरीन कारखान्यांत ग्रॅफाइट चालून जाई, कारण तिथे संपृक्त द्रावण असते आणि झिजलेली अग्रे बदलायला माणसे असतात. तलावाच्या सौम्य पाण्यात, देखरेखीशिवाय, रोज सात-आठ तास चालेल असे धनाग्र नव्हते.

ते सापडायला १९६०चे दशक उजाडले. टायटॅनियम धातू क्रोलच्या पद्धतीमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात मिळू लागला होता. मिठाच्या पाण्यात तो गंजत नाही, कारण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो. पण तोच थर धनाग्र म्हणून वापरताना वीज अडवतो. म्हणजे टिकतो, पण काम करत नाही. आधी त्यावर प्लॅटिनमचा पातळ मुलामा देऊन पाहिला गेला. हेन्री बेअर या डच संशोधकाने १९६५ साली पेटंट घेतले ते निराळ्या लेपाचे. टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियमच्या क्षाराचे द्रावण फासायचे आणि भट्टीत भाजायचे. रुथेनियमचे ऑक्साइड विजेचे वाहक आहे, त्यावर क्लोरीन सहज सुटतो आणि ते फारच सावकाश झिजते. पुढे त्यात टायटॅनियमचे ऑक्साइडही मिसळले गेले. इटलीतल्या दे नोरा कुटुंबाच्या कंपनीने हे धनाग्र कारखान्यांत नेले आणि क्लोरीनच्या उद्योगातून काही वर्षांतच ग्रॅफाइट मागे पडत गेले. सबंध विसाव्या शतकातल्या विद्युत रसायनातली ही सर्वांत मोठी व्यावहारिक सुधारणा असावी, असे माझे मत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र बेअरचे नाव आढळत नाही.

भारतात तमिळनाडूतल्या कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्थेने टायटॅनियमच्या धनाग्रांवर स्वतंत्र काम केले. आणि गोव्यात फोंड्याजवळ कुंडई औद्योगिक वसाहतीत १९८९ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना आहे. आधी तिचे नाव टायटॅनोर होते, नंतर ती दे नोरा इंडिया झाली. तिथे अशी लेप दिलेली धनाग्रे बनतात.

घट तलावावर बसतो तेव्हा

लेपाचे पत्रे हाताशी आल्यावर घरगुती तलावासाठी छोटा घट करणे सोपे झाले. १९६०-७०च्या दशकांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याची सुरुवात झाली. घरोघरी तलाव आणि रणरणते ऊन असलेल्या देशात हे स्वाभाविकच होते, कारण सूर्यप्रकाशाने पाण्यातला क्लोरीन काही तासांत नाहीसा होतो. रोज पावडर टाकण्यापेक्षा यंत्राने तो सतत करत राहणे बरे. शिवाय जंतू मारून किंवा उन्हाने विघटित होऊन क्लोरीनचे पुन्हा क्लोराइडच होते, म्हणजे मीठ परत मिळते. मीठ जाते ते बाहेर उडालेल्या, ओसंडलेल्या आणि गाळणी धुताना सोडलेल्या पाण्याबरोबर.

५० हजार लिटरचा तलाव घेतला तर सुरुवातीला सुमारे २०० किलो मीठ लागते. ते साधे, शुद्ध मीठ असावे. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन हवा तर ५० ग्रॅम पुरतो. २० अँपियरवर पत्र्यांच्या एका जोडीतून तो फॅरडेच्या हिशेबाने दोन तासांत मिळायला हवा. प्रत्यक्षात काही वीज ऑक्सिजन सोडण्यात वाया जाते आणि ऊन खर्च करत राहते, म्हणून यंत्र दिवसाचे कित्येक तास चालवावे लागते.

घट बसवण्याची जागा ठरलेली आहे. पंप, मग गाळणी, पाणी तापवण्याची सोय असेल तर ती, आणि सर्वांत शेवटी तलावाकडे परतणाऱ्या नळावर घट. त्यातून निघालेले क्लोरीनचे तीव्र पाणी पंपाच्या किंवा हीटरच्या धातूवरून जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पाणी वाहत नसेल तर वीज आपोआप बंद करणारा प्रवाहदर्शक खटका हवाच. कारण उघड आहे. प्रत्येक घटात हायड्रोजनही तयार होतो. वाहत्या पाण्याबरोबर तो तलावात येऊन हवेत विरतो. पाणी थांबले आणि वीज चालू राहिली तर तो बंद नळीत साठतो, आणि असे घट स्फोट होऊन फुटल्याचे प्रकार घडलेले आहेत. घटाला मिळणारी वीज कमी दाबाची, साधारण २५ व्होल्टच्या आत असली तरी तिचा पुरवठा करणारी पेटी घरच्या २३० व्होल्टवर चालते. ती पाण्यापासून दूर, अर्थिंग आणि गळती-रोधक स्विच लावून, जाणकार विजेच्या कारागिरानेच बसवावी.

यंत्र बसल्यावर लोक निर्धास्त होतात आणि इथेच फसतात. क्लोरीन तयार होतो आहे एवढ्याने भागत नाही, पाण्याचा सामूही पाहावा लागतो. सामू ७.५ असताना पाण्यातला निम्मा क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. ८ झाला की ते प्रमाण चौथ्या हिश्श्यावर येते, आणि जंतू मारण्यात ते आम्लच आपल्या आयनापेक्षा कैकपट जोरदार आहे. मिठाच्या तलावांत सामू वर चढत जातो. विद्यार्थ्यांना कोडे घालावे : घटात जितकी आम्लारी तयार होते तितकीच क्लोरीन विरघळताना आणि खर्च होताना फिटते, मग सामू चढतो का? उत्तर हायड्रोजनच्या बुडबुड्यांत आहे. सोडावॉटर घुसळावे तसे ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात आणि थोडा क्लोरीनही उडून जातो. म्हणून अधूनमधून हिशेबाने आम्ल टाकावे लागते. माहितीपत्रकातल्या 'रसायनांविना' या शब्दाला इथे दुसरा धक्का बसतो. उघड्या तलावात क्लोरीनला उन्हापासून सांभाळणारे सायन्युरिक आम्लही लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम ठेवतात, तेही रसायनच.

ऋणाग्राशी पाणी आम्लारिधर्मी असल्यामुळे तिथे चुन्याचा पांढरा थर धरतो. बोअरचे कठीण पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त. बऱ्याच यंत्रांत दर काही तासांनी विजेची दिशा उलटवतात, म्हणजे थर आपोआप सुटतो. तरीही राहिलाच तर वीज तोडून, घट काढून तो दहापट पाण्यात सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतात. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. आणि हे आम्ल टी.सी.एल. पावडरच्या किंवा हायपोक्लोराइटच्या जवळही येऊ देऊ नये. दोन्ही एकत्र आली की शेलेला दिसला तोच हिरवट वायू खोलीभर पसरेल. घट लोखंडी सळीने खरवडणे हा तर गुन्हाच समजावा, कारण आतला लेप काही मायक्रॉनच जाड असतो. मीठ कमी असताना किंवा फार थंड पाण्यात घट चालवला तरी लेप लवकर जातो. पेन्सिलीच्या प्रयोगात ऑक्सिजनने जे केले तेच इथे हळूहळू होते.

मग नळकांड्यांच्या तुलनेत एवढी यातायात का करायची? मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात १४ जुलै २०१० रोजी जुन्या नळकांड्यांतून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. विद्युत घटात एका वेळी काही ग्रॅमच क्लोरीन असतो आणि वीज बंद केली की तो होणे थांबते. समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी घेणाऱ्या अनेक वीजकेंद्रांत, नळांत कालवे-शिंपले वाढू नयेत म्हणून, हीच पद्धत वापरतात. तिथे मीठही विकत घ्यावे लागत नाही. डेकिनच्या जहाजावरचीच व्यवस्था, फक्त अधिक टिकाऊ धनाग्रांची.

लेप झिजला की घटाचे आयुष्य संपते. तलावावर ते साधारण तीन ते सात वर्षांचे असते आणि नव्या घटाची किंमत हीच या पद्धतीतली खरी खर्चाची बाब. मिठाची पोती त्यापुढे काहीच नाहीत. आतला टायटॅनियमचा पत्रा तेव्हाही धडधाकट असतो. मोठ्या कारखान्यांतली धनाग्रे जुना लेप उतरवून, नवा फासून आणि भाजून परत कामाला लावली जातात. घरगुती तलावाच्या लहान घटाला ते परवडत नाही, तो सहसा भंगारात जातो.